जिभेवर पास झालेला साबण

सदतीस वर्षं मी साबण चाखत आलो. ही थट्टा नाही. आमच्या धंद्यात कढईतला साबण तयार झाला की नाही, हे मिस्त्री जिभेचं टोक लावून सांगतो. घरी पाहुणे आले की आमची ही मोठ्या कौतुकाने ते सांगायची, आणि मी आत्ता उठून न्हाणीतली वडी खाऊन दाखवणार असं वाटून पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे.

या अंकासाठी लिहायला मला सांगितलं गेलं, तेही याच कौतुकापोटी. "साबणाच्या गमतीजमती लिहा," असा निरोप आला. गमती आहेत, त्या थोड्या लिहितो. पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. ते ज्यांना तेव्हाच्या तेव्हा सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही, आणि आता छापायला देतोय. माणूस किती भित्रा असू शकतो ते वाचणाऱ्यांनी बघून घ्यावं.

मी पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा. घरी भातशेती, खाणारी तोंडं जास्त, म्हणून दहावीनंतर पाच वर्षं शेतात काढून महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो. आजूबाजूला औषधांचे आणि रसायनांचे मोठे कारखाने. आमचा धुण्याच्या साबणाचा कारखाना त्यात गरीब नातेवाइकासारखा कोपऱ्यात उभा. बसमध्ये औषधवाले कामगार आम्हाला म्हणायचे, "आम्ही माणसं बरी करतो, तुम्ही लेंगे धुवा." आम्ही म्हणायचो, "तुमच्या बायकोला विचारा, घरात आधी काय लागतं."

मला काम शिकवलं ते करीममिस्त्रींनी. शाळा त्यांनी दुसरीत सोडलेली, पण कढईसमोर उभे राहिले की इंजिनिअरही गप्प बसायचे. साबणाचा शोध कुणी लावला, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "जिने पहिल्यांदा चुलीतल्या राखेने तेलकट भांडं घासलं, तिने. नाव कुणी लिहून ठेवलं नाही, कारण बाई होती." बोलण्यात तथ्य होतं. राखेत खार असतो, भांड्यावर तेल असतं, दोघांची गाठ पडली की बोटभर का होईना, साबण होतोच. आपल्याकडे राख होती, रिठा होता, शिकेकाई होती. बाहेरून साबणाच्या वड्या आल्या तेव्हा त्यात जनावराची चरबी आहे म्हणून कित्येक घरांनी त्या उंबऱ्याच्या आत घेतल्या नाहीत. मग देशी कारखान्यांनी वेष्टनावर 'चरबी नाही' असं ठळक छापायला सुरुवात केली. आमच्या वेष्टनावर ते शेवटपर्यंत होतं. पुढे पुढे कुणी ते वाचत नसे.

आता थोडं रसायन. घाबरू नका, मीही ते पुस्तकातून शिकलेलो नाही.

तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका खुंटीला अडकवलेल्या तीन लांब शेपट्या. कॉस्टिक सोडा त्या शेपट्या खुंटीवरून ओढून काढतो आणि स्वतः त्यांना चिकटतो. ही जी जोडी जमते तिचं नाव साबण. तिच्या एका टोकाला तेल आवडतं, दुसऱ्याला पाणी, म्हणून ती कपड्यावरचा तेलकट मळ धरून पाण्यात ओढून नेते. सुटलेलं ग्लिसरीन मोठे कारखाने वेगळं काढून विकतात. आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी ते वडीतच राहायचं, आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे श्रावणात आमच्या वड्यांना घाम यायचा. पोलादपूरचे एक दुकानदार दर पावसाळ्यात पोतंभर वड्या परत घेऊन यायचे. "मिस्त्री, तुमचा माल रडतोय बघा." मी सांगायचो, "रडत नाय शेठ, घामाघूम झालाय, तुमच्या दुकानात वारा नाय." दरवर्षी हाच संवाद, दरवर्षी ते पोतं परत घेऊन जायचे आणि गणपतीपर्यंत ते विकलंही जायचं.

प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक मात्र वेगळी. खोबरेल खादाड. करंजाचं आणि भाताच्या कोंड्याचं तेल बेताने खाणारं. कॉस्टिक कमी पडलं तर तेल सुटं राहतं, वडी चिकट होते आणि खवट वास मारते. जास्त झालं तर कॉस्टिक सुटं राहतं, आणि ते माणसाला चावतं. कॉस्टिकचं पाणी बोटाला लागलं की बोट बुळबुळीत होतं. नवख्याला वाटतं, वा, हात किती स्वच्छ झाला. खरं म्हणजे त्याच्या कातडीतल्या तेलाचा साबण व्हायला लागलेला असतो. तेल कढईतलं की माणसाचं, हे कॉस्टिकला कळत नाही.

म्हणून ती जीभ. पळीवरचा कण निववायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. सुटं कॉस्टिक असेल तर सुईच्या टोकाएवढा डंख बसतो. डंख नाही आणि तेलकटपणाही नाही, तर साबण 'गोड' आला असं आम्ही म्हणायचो. चावला तर कढईत आणखी तेल घालून पुन्हा शिजवायचा. प्रयोगशाळेत हीच परीक्षा एका थेंबात होते. फिनॉल्फथॅलीन नावाचं पाण्यासारखं द्रावण असतं. साबणाच्या ताज्या कापावर त्याचा थेंब टाकायचा, सुटं कॉस्टिक असेल तर थेंब गुलाबी होतो. आमच्या केमिस्ट देशमाने मॅडम रोज हा थेंब टाकायच्या आणि माझी जीभ आणि त्यांचा थेंब यांचा निकाल इतक्या वर्षांत वेगळा आला नव्हता. त्या गमतीने म्हणायच्या, "मिस्त्री, तुमची जीभ बाटलीत भरून ठेवली पाहिजे." मला त्याचा गर्व होता. का नसावा? माझ्याकडे दुसरं होतं काय?

आता भागूबाईंबद्दल. भागूबाई ढेबे हिरकणीवाडीच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या धनगरवाड्यात राहायच्या. चार म्हशी. सकाळी दही-ताकाची भांडी डोक्यावर घेऊन खाली यायच्या आणि गडावर जाणाऱ्या पर्यटकांना रोपवेच्या वाटेवर विकायच्या. एकदा त्या थेट आमच्या कारखान्याच्या फाटकावर येऊन बसल्या. वॉचमन त्यांना हाकलत होता, त्या हलत नव्हत्या. मी बाहेर गेलो.

"साबण बनवणारा कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"मी. काय पायजे?"

"बिनवासाचा साबण पायजे. बाजारातल्या साबणानं हात धुऊन धार काढली का दुधाला गुलाबाचा वास लागतो. मुंबयची मानसं ताक तोंडाला लावतात नि थुकतात. म्हशीलापन वास आवडत नाय, लाथा मारते."

तीस वर्षांत साबणाची इतकी नेमकी तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. मी सुगंध घालायच्या आधी कढईतून थोडा साबण बाजूला काढला, करंजेल जास्त असलेला, म्हणजे म्हशीच्या गोचिडांवरही चालेल. पुढे दरवर्षी मृगाच्या आधी त्यांच्यासाठी पंचवीस-तीस वड्या वेगळ्या पाडायचा रिवाजच झाला. त्या न्यायला आल्या की डिपार्टमेंटसाठी किटलीभर ताक आणायच्या. वडी हातात घेतली की वास घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "दादा, तुमच्या हातचा साबण म्हंजे हाताला आराम." मला लोकांनी पुढे सत्कारात वगैरे काय काय म्हटलं, पण त्यातलं एवढं एक वाक्य मला आजही ऐकू येतं.

महाडला मोठा पूर आला त्या वर्षी, उन्हाळ्यात, मला कोरोना झाला. फार नाही, आठ दिवस ताप. त्यातून उठलो तर जिभेला काही कळेना. चव नाही, वास नाही, मिरचीचा ठेचा खाल्ला तरी झणका नाही. ही म्हणाली, येईल हळूहळू. मी कामावर गेलो आणि पहिल्याच दिवशी कढईवर लक्षात आलं की माझा डंखही गेलाय.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि कारखान्याचे शेठ साठीकडे आलेल्या माणसांना हळूच घरी पाठवत होते, हे कारण खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. जीभ गेलेला मिस्त्री म्हणजे काय, तर कढई ढवळणारा एक म्हातारा. ते मला व्हायचं नव्हतं. मग मी सोंग सुरू केलं. कण जिभेला लावायचा, डोळे बारीक करायचे, "बघू, मुरू दे जरा," असं म्हणायचं आणि मॅडमचा थेंब येईपर्यंत निकाल लांबवायचा. कधी मॅडम जेवायला गेल्या की प्रयोगशाळेत शिरून मीच थेंब टाकून बघायचा. तीन महिने हे बेमालूम चाललं.

मग पूर आला. महाडला पूर नवा नाही, सावित्री नदी बाजारात शिरते आणि ओसरते. त्या वर्षी ती घरांच्या माळ्यांपर्यंत चढली. ओसरली तेव्हा मागे गुडघाभर चिखल ठेवून गेली. आमची वसाहत उंचावर म्हणून वाचली. शेठचा मुंबईहून फोन आला, "मिस्त्री, लोकांना आधी साबण लागेल. विकायचा नाही, वाटायचा. जेवढा होईल तेवढा पाडा."

आम्ही सात जण आत अडकलो होतो. जनरेटरवर कढई लावली. खोबरेल संपत आलेलं आणि टँकर महामार्गावर कुठेतरी अडकलेला, म्हणून करंजेल आणि कोंड्याचं तेल घेतलं. कढईजवळ मापांचं कार्ड टांगलेलं असायचं, त्यावरचं कॉस्टिकचं माप नेहमीच्या तेलाचं. करंजेल कमी खातं, म्हणून मी कॉस्टिक कमी करायला सांगितलं. किती कमी? अंदाजाने. असे अंदाज मी जन्मभर केले होते, कारण चुकलं तर शेवटी जीभ सांगायचीच.

दुपारी साबण जमून आला. सगळे कढईभोवती उभे होते. त्यांतल्या तिघांच्या घरांत पाणी शिरलं होतं, घरच्यांचे फोन लागत नव्हते, तरी ते सकाळपासून ढवळत होते. मी कण निववला आणि जिभेला लावला. पाण्याचा थेंब लावला असता तरी तेवढंच कळलं असतं.

"काय मिस्त्री, गोड हाय ना?" एकाने विचारलं.

मॅडमचं घर पाण्यात होतं, त्या येणं शक्य नव्हतं. पण प्रयोगशाळेची किल्ली माझ्या खिशात होती. बाटली कुठल्या कप्प्यात आहे ते मला ठाऊक होतं. वीस पावलांचा व्हरांडा चालून जायचं, एवढंच. पण सहा जणांच्या देखत गेलो असतो तर प्रत्येकाला कळलं असतं की मिस्त्रींना आता बाटली लागते. मी सहाही तोंडांकडे बघितलं.

"गोड आहे," मी म्हणालो. "ओता."

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. साबण ओतल्यावर त्याला मुरू द्यावं लागतं, लोणच्यासारखं. दोन-तीन आठवडे गोदामात राहिला की थोडंफार सुटं कॉस्टिक आपोआप मरतं. हा साबण आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट असतानाच कापला आणि टेम्पोत भरला. वाटायला मी स्वतः गेलो. नदीकडच्या एका आळीत भागूबाई भेटल्या. त्यांच्या लेकीचं सासर तिथलं. लेक बाळंत झालेली, म्हणून त्या पुराआधीपासून खाली येऊन राहिल्या होत्या. लेक आणि बाळ माळ्यावर, खाली त्या एकट्या चिखलात उभ्या.

"दादा, बिनवासाचा हाय ना?"

"बिनवासाचा आहे. करंजाचा."

त्यांनी पदर पसरला आणि मी त्यात आठ-दहा वड्या टाकल्या. जास्तच टाकल्या, ओळखीच्या म्हणून.

मॅडम आठव्या दिवशी कामावर आल्या. आल्या आल्या त्यांनी त्या कढईचा राखून ठेवलेला नमुना कापला आणि थेंब टाकला. मी दारात उभा होतो. इतका गडद गुलाबी मी कधी पाहिला नव्हता.

"मिस्त्री, हे काय? हा माल गेला का बाहेर?"

"तो मधला नमुना आहे," मी म्हणालो. "नंतर तेल घालून दुरुस्त केला. शेवटचा ठेवायचा राहिला, गडबडीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. माझ्या शब्दावर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

मी मोटरसायकल काढून आळीत गेलो. बायकांचे हात बघितले. लाल झालेले, सोललेले, बोटांच्या पेरांत चिरा पडलेल्या. आरोग्य केंद्राच्या ताई मलम वाटत होत्या आणि सगळ्यांना एकच सांगत होत्या, घाण पाण्याने आणि चिखलाने झालंय. कुणालाही तेच पटणार. गावातल्या प्रत्येकाचे हातपाय चिखलाने खाल्लेलेच होते, त्यातले साबणाने खाल्लेले कोणते हे कोण निवडणार? निवडू शकणारा एकटा मी. मी बायकांना म्हणालो, "हा साबण पुराच्या हवेत बिघडलाय, हा द्या, नवा घ्या." राहिलेल्या वड्या गोळा केल्या. निम्म्याही मिळाल्या नाहीत, बाकीच्या झिजून संपल्या होत्या. भागूबाईंच्या लेकीकडे गेलो तर ती म्हणाली, "आय सकाळीच वर गेली. गाड्या बंद हायत तर चालत गेली. म्हशी दुसऱ्याच्या हाताला धार देत नायत ना. आयचे हात लय खराब झाले ओ, फडकी बांधून गेली." बाळ बरं होतं. दुपटी भागूबाईंनी चार-चार पाण्यांतून काढलेली. मी देवाचे आभार मानले आणि घरी आलो. भागूबाई वर गेल्या म्हणजे आता बऱ्या होतील, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या गणपतीत पुरात मदत केलेल्या लोकांचा सत्कार झाला. मलाही शाल-श्रीफळ दिलं. 'घरात पाणी असताना ज्यांनी लोकांसाठी साबण पाडला,' असं निवेदक म्हणाला. माझ्या घरात पाणी नव्हतंच, ते त्या तिघांच्या घरांत होतं. मी ती दुरुस्तीही केली नाही. शाल घेतली, नमस्कार केला, खाली उतरलो.

पुढच्या मृगाला भागूबाई वड्या न्यायला आल्या नाहीत. मी पंचवीस पाडून ठेवल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. मग मी निवृत्त झालो. तोवर जिभेला पुन्हा मीठ-तिखट कळायला लागलं होतं, आणि मला त्याचा संताप यायचा. जेवताना ही विचारायची, "आता लागतं ना तिखट?" आणि मी ताटावरून उठायचो. बिचारीला काही माहीत नव्हतं.

एकदा आठवडी बाजारात भागूबाईंची लेक भेटली. कडेवर ते बाळ, आता मोठं झालेलं. मी विचारलं, आई कशी आहे? ती म्हणाली, "म्हशी विकल्या. आयचा हात वाईट झाला म्हनतात वाडीवर. तिला गोठ्यात जाऊ देत नायत."

हे मी दिवाळीच्या सुमारास ऐकलं. गेलो शिमग्यानंतर. मधले चार महिने काय करत होतो ते विचारू नका.

हिरकणीवाडीला गाडी लावून वर चढायला मला दीड तास लागला. भागूबाई अंगणात नाचणी निवडत होत्या, डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. दोन्ही हातांची कातडी जाड, चकचकीत, जळून भरल्यासारखी. त्यांनी मला बघितलं आणि आधी लाजून हात पदराखाली घेतले.

"दादा, येवढ्या वर? पानी आन गो," त्यांनी सुनेला आत हाक मारली.

पाणी प्यायल्यावर त्यांनीच सांगितलं. वर आल्यावर त्या फडकी सोडून धार काढायला बसल्या. चिरांतून रक्त दुधात उतरलं. म्हैस लाथा झाडायला लागली, पान्हा सोडेना, आणि महिन्याभरात आटली. मग दुसरी. जखमा पिकल्या, पावसाळाभर वाहत राहिल्या. वाड्यातल्या लोकांनी देवाला कौल लावला. कौल आला की बाईच्या हाताला दोष आहे, तिने जनावराला हात लावू नये. तिसऱ्या म्हशीचं रेडकू दगावलं तेव्हा भागूबाई गोठ्याच्या बाहेर उभ्या होत्या, तरी नाव त्यांचंच झालं.

"चाळीस वरसं धार काढली," त्या म्हणाल्या. "ह्या हातांना कदी म्हशीनं नाय म्हटलं नाय. मंग कदी काय पाप केलं का काय, मलाच ठावं नाय. सून आली नवी, तिला बाळ झालं, ते बाळ पन मी घेत नाय. उगा कशाला."

मी सांगितलं. जिभेचं, करंजेलाचं, किल्लीचं, वीस पावलांचं, मॅडमच्या थेंबाचं. सगळं सांगितलं. त्यांना कॉस्टिक वगैरे किती कळलं ते माहीत नाही. मी थांबलो तेव्हा त्यांनी नाचणीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, असं मला मनापासून वाटत होतं.

"मला पयल्याच दिवशी चावला तो साबन," त्या म्हणाल्या. "आग आग झाली. पन मी म्हटलं, दादाच्या हातचा साबन चावायचा नाय, माजेच हात खराब झाले आसतील चिखलानं. बाया तक्रार करीत होत्या. मीच त्यांना सांगितलं, ह्यो मानूस माज्या वळखीचा हाय, बिनघोर घासा."

सदतीस वर्षांत मिळवलेला माझा सगळा लौकिक त्या बाईने आठ दिवस स्वतःच्या हातांनी झिजवला होता.

मग त्यांनी मान वर केली. "म्हंजे दादा, हात माजे बरे होते?"

"बरे होते."

"त्यांच्यात दोस नव्हता?"

"नव्हता. दोष साबणात होता. माझा होता."

त्या उठल्या. सुनेला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाल्या, "हिच्यासमोर सांगा." मी सांगितलं. सून बाळ घेऊन उभी राहिली, तिने ते सासूच्या हातात दिलं नाही, पण मागेही सरकली नाही. मग भागूबाई मला शेजारच्या घरी घेऊन गेल्या. तिथे सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. दर घरी त्या माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, हात पदराबाहेर काढून, आणि मी आरोपीसारखा तीच ओळ म्हणायचो, 'हात बाईंचे चांगले होते, साबण माझा वाईट होता.' लोक ऐकत होते. विश्वास किती ठेवत होते ते सांगता येत नाही. कौल देवाचा होता आणि मी तर साबणवाला.

शेवटचं घर त्यांच्या मोठ्या दिरांचं, धोंडूआबांचं. कौल त्यांनीच लावला होता. आबा खाटेवर पडून होते, दिसत कमी होतं, पण त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मला जवळ बसायला सांगितलं.

"खरं बोलतोस?"

"खरं, आबा."

"मंग तवाच येऊन का नाय सांगितलंस? म्हशी तरी ऱ्हायल्या आसत्या."

इतक्या घरांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर भागूबाईंनी दिलं.

"कसं येनार ते? दरडी कोसळल्या होत्या, रस्ता बंद होता, इसरलात का?"

आबांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी म्हणालो, "हो आबा, रस्ता बंद होता."

रस्ता पंधरा दिवसांत सुरू झाला होता.